पुणे की उस्मानपुरा?

इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या म्हणजे कॅप फेऱ्यांचा नियम 2025 मध्ये बदलला आणि आपल्याकडच्या घराघरांतल्या एका जुन्या वादाला धार आली. फेऱ्या तीनच्या चार झाल्या. पण पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर तो प्रवेश पक्का. पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काही लागलं तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. 'टाकून तर बघू, नाहीतर पुढच्या राउंडला बेटरमेंट आहेच' हे आता चालत नाही. पहिल्या ओळीत काय लिहायचं ते फॉर्म उघडण्याआधी घरात ठरलेलं असावं लागतं. आणि संभाजीनगरातल्या, कन्नड-सिल्लोड-पैठणातल्या कितीतरी घरांत ते शेवटच्या रात्रीपर्यंत ठरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका घरात हा वाद मी चार संध्याकाळी ऐकला. मुलीला सीईटीत 98 च्या जरा अलीकडे पर्सेंटाइल. वडील वाळूजला कंपनीत, आई घरीच शिवणकाम करते, घराण्यात इंजिनिअर कोणी नाही. कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्यावर पसंतीक्रम लिहायला घेतला होता. पहिली ओळ तीनदा खोडलेली, कागद तिथे झिजून पातळ झालेला. आधी लिहिलं होतं पुण्याचं सीओईपी, सिव्हिल. ते खोडून इथलं उस्मानपुऱ्यातलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, कॉम्प्युटर. मग पुन्हा सीओईपी, या वेळी मेटलर्जी. या पर्सेंटाइलच्या आसपासच्या मुलांपुढे साधारण हाच सौदा येतो: मोठ्या नावाच्या कॉलेजात कमी मागणीची शाखा, नाहीतर घराजवळच्या सरकारी कॉलेजात हवी ती शाखा.

पुण्याचे मामा फोनवरून सांगत होते, "कॉलेजचं नाव बघ बेटा, शाखेचं काय, पुढे सगळे आयटीतच जातात." वरच्या मजल्यावरचे काका म्हणत होते, "मेटलर्जी घेऊन इथं परत आली तर करणार काय?" आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "तिथली मेस रविवारी रात्री बंद असते म्हणतात. मग त्या रात्री ही जेवणार कुठं?" सगळे हसले. मला त्या चार संध्याकाळींतला सर्वांत नेमका प्रश्न तोच वाटला.

दोन्ही बाजू मांडायच्या तर आधी पुण्याची मांडू, कारण ती दिसायला सोपी आहे. 1854 मध्ये सुरू झालेलं ते कॉलेज. विश्वेश्वरय्या तिथले विद्यार्थी. 2022 पासून ते स्वतःच विद्यापीठ झालं आहे. पण इतिहासापेक्षा आजूबाजूचं वातावरण जास्त मोलाचं. आपल्यापेक्षा हुशार चार मुलांच्या खोलीत चार वर्षं काढली की माणूस बदलतो. कोणती परीक्षा द्यायची, कुठल्या प्राध्यापकाला प्रोजेक्टसाठी मेल करायचा, परदेशात एमएसला जायचं तर केव्हापासून तयारी करायची, या गोष्टी तिथे कॅन्टीनमध्ये कानावर पडतात. आपल्या घरात त्या सांगणारं कोणीच नसतं. कंपन्या कॅम्पसवर येतात त्याही कॉलेजचं नाव बघून येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या मुद्द्यावर एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी संशोधकांनी 2002 मध्ये तो प्रसिद्ध केला. सारख्याच ताकदीची, सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली मुलं त्यांनी घेतली. काही नावाजलेल्या कॉलेजात गेली, काही साध्या. पुढच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. हुशार मूल कुठेही गेलं तरी आपली वाट काढतं, असा त्याचा सरळ अर्थ. पण त्याच अभ्यासात एक अपवाद निघाला: गरीब घरांतली मुलं. त्यांना मोठ्या कॉलेजाचा खरा फायदा झाला. ज्याच्या घरात ओळखी आहेत, पुस्तकं आहेत, दिशा दाखवणारा काका आहे, त्याला कॉलेज जे देतं ते घरातूनही मिळत असतं. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याला ते फक्त कॉलेजातच मिळतं. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, पण वाळूजच्या कामगाराच्या मुलीबद्दल विचार करताना मला हा अपवाद विसरता येत नाही.

आता उस्मानपुरा. 1960 चं हे कॉलेज, सरकारी, स्वायत्त. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला इंजिनिअर इथून बाहेर पडला असेल याची मोजदाद नाही. 'पुणं हुकलं म्हणून इथं आलो' असं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. तो सूर मला खुपतो. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, आता बिडकीनला टोयोटा-किर्लोस्करच्या मोठ्या प्रकल्पाचा करार 2024 मध्ये झाला. इंटर्नशिपसाठी पुण्यात मुलं ज्या रांगेत उभी राहतात, तशी संधी इथे अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. जालन्याला मुंबईच्या आयसीटीने 2018 मध्ये आपलं केंद्र सुरू केलं, त्यात कारखान्यातलं शिक्षण अभ्यासक्रमातच बसवलं आहे. म्हणजे चांगलं शिक्षण फक्त पुण्या-मुंबईतच मिळतं हा समज आता जुना झाला. त्यात हवी ती शाखा मिळते, खर्च निम्म्याहून कमी, आणि आजारी पडलं तर घर जवळ. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते असं मोठ्या कॉलेजांबद्दल सांगितलं जातं; ते खरं, पण जागा रिकामी झाली तर आणि तुमचा सीजीपीए वर्गात अगदी वर असेल तर. त्या भरवशावर नकोशी शाखा घेऊ नये.

घरी राहण्याची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. घरी राहून कॉलेज करणारी मुलगी घराच्या कामातून सुटत नाही. पाहुणे आले की चहा तिनंच करायचा, धाकट्याचा अभ्यास तिनंच घ्यायचा, आई दवाखान्यात गेली की सोबत तिनंच जायचं. लायब्ररी आठपर्यंत उघडी असली तरी ती साडेपाचला स्कूटीवर बसते, कारण अंधार पडतो. हे प्रेमापोटी होतं, कोणी मुद्दाम करत नाही. तरी चार वर्षांत त्याचे तास फार होतात. वसतिगृहातल्या मुलीला ते तास मिळतात. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली, हे चांगलंच झालं. पण मुलगी बाहेर न पाठवण्यामागे फी हे एकच कारण कधीच नव्हतं.

आणि पुणे की उस्मानपुरा हा प्रश्न मुळात शहरातल्या मुलांचा. सोयगावच्या किंवा वैजापूरच्या खेड्यातल्या मुलाला उस्मानपुराही परगावच. त्यालाही खोली शोधायची आहे, मेस लावायची आहे, वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारायचा आहे. म्हणून अंतर मोजण्यापेक्षा दुसरी एक गोष्ट मोजायला हवी असं माझं मत आहे: पहिले सहा महिने. आपण सगळे प्रवेश मिळेपर्यंत मुलाच्या मागे उभे असतो. क्लास, टेस्ट सिरीज, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल, सुविधा केंद्रातली रांग. सीट लागली की पेढे वाटून मोकळे. खरी अवघड चढण तिथून सुरू होते.

ही चढण नेमकी कुठे लागते ते सांगतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं आपल्याकडे आता बरीचशी क्लासमध्येच जातात. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, बसायचं दुसरीकडे. 2018 मध्ये शिक्षण खात्याने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली ती याच 'टाय-अप'ला आळा घालण्यासाठी. टाय-अप काही संपले नाहीत. या दोन वर्षांत मूल शिकतं ते 180 मिनिटांत 150 प्रश्न टिपायला. त्यात ते तरबेज होतं. पण सलग दोन पानं उत्तर लिहिणं, प्रयोगशाळेत चुकलेलं रीडिंग का चुकलं हे शोधणं, न समजलेलं 'समजलं नाही' असं सांगणं याची सवय तुटलेली असते. पहिल्या सेमिस्टरला गणिताचा पेपर पायऱ्या मागतो, ड्रॉइंगची शीट तीनदा परत येते, सी लँग्वेजचा प्रोग्रॅम चालत नाही आणि तो का चालत नाही याला चार पर्याय दिलेले नसतात.

त्यात भाषा. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पेपर मराठीतही देता येतो. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. कॉलेजात सगळंच इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेलं मूल विषय समजून घेण्यात कमी नसतं. पण वर्गात प्रश्न मनात तयार होईपर्यंत प्राध्यापक पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. मग तो प्रश्न विचारायचा राहतो, असे वीस प्रश्न साचतात आणि डिसेंबरात पहिला बॅकलॉग येतो. बारावीला जिल्ह्यात नाव आलेल्या मुलाला तो बॅकलॉग घरी सांगता येत नाही. सर्वांत वाईट काळ तो असतो, कारण त्याच्या गावात अजून त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतो.

फेऱ्या लांबतात त्यानेही यात भर पडते. पहिल्या वर्षाचे वर्ग अनेकदा सप्टेंबर उजाडल्यावर भरतात, चौथ्या फेरीतून येणारं मूल आणखी उशिरा येतं. नव्या मुलांना रुळण्यासाठी एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम सांगितला आहे. कागदावरची ती योजना विचारपूर्वक केलेली आहे. पण सेमिस्टरच आखूड झालं की पहिली कात्री त्यालाच लागते. मग स्वागत, दोन भाषणं, कॅम्पसची फेरी आणि सोमवारपासून लेक्चर. ज्याला घरून सगळं ठाऊक असतं त्याचं काही अडत नाही. ज्याला 'क्रेडिट' म्हणजे काय हेही कोणी सांगितलेलं नाही, तो त्याच आठवड्यात मागे पडतो.

याची किंमत किती होऊ शकते ते 2015 मध्ये दिसलं. आयआयटी रूरकीने पहिल्या वर्षाच्या 70 हून अधिक विद्यार्थ्यांना कमी सीजीपीएमुळे काढून टाकलं. मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, शेवटी संस्थेने त्यांना आणखी एक संधी दिली. देशातली सर्वांत कठीण परीक्षा पार केलेली ही मुलं होती. वर्षभरात त्यांची बुद्धी कुठे गेली, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. वर्षभर त्यांच्याकडे लक्ष कोणाचं होतं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याला उत्तर म्हणून 'दर्जा सांभाळायला हवा' असं म्हणतात. दर्जा सांभाळायलाच हवा, सवलतीने पास करून कोणाचंच भलं होत नाही. पण पहिल्या चाचणीत दहापैकी दोन पडलेल्या मुलाला सहाव्या आठवड्यात बोलावून घेणं आणि वर्षअखेरीस नोटीस देणं यातल्या पहिल्या मार्गाने दर्जा घसरत नाही.

परक्या गावात, परक्या भाषेत शिकण्याची ही चढण मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या काळात इथे 1923 पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं. पुढच्या पदवीला हैदराबाद गाठायचं, उस्मानिया विद्यापीठात, जिथे शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरात मराठी, कॉलेजात उर्दू, पुस्तकांत इंग्रजी, अशा तीन भाषांतून आपले आजे-पणजे शिकले. जे शिकले ते शिकले. बाकीच्यांची वाट भाषेनं आणि अंतरानंच अडली. म्हणून 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज या शहरात काढलं, पुढे ज्याचं नाव मिलिंद झालं, तेव्हा नागसेनवनात नुसते वर्ग उभे राहिले नाहीत. सोबत वसतिगृहं उभी राहिली. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 मध्ये आलं.

कॉलेजासोबत वसतिगृहं उभारण्यामागे बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव असावा असं मला वाटतं. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा वय 22. पहिल्या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवलं नाही, त्यांनी जागा बदलली आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. ती मैत्री जन्मभर टिकली, अडीअडचणीला पैशानेही उपयोगी पडली. इतक्या प्रचंड बुद्धीच्या माणसालाही परक्या शहरात आधी जेवण आणि सोबती शोधावा लागला. आमच्या गल्लीतल्या आईचा रविवारचा प्रश्न याच जातीचा आहे.

दार उघडणं आणि आत गेलेल्याला सांभाळणं या दोन कामांतलं पहिलं आपण झगडून करतो. वैद्यकीय प्रवेशातलं सत्तर-तीसचं सूत्र आठवा. प्रत्येक विभागातल्या 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, 30 टक्के बाकीच्या राज्याला. मराठवाड्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं चारच: इथली घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. जास्त गुण असूनही आपल्या मुलांना मुंबई-पुण्याचं दार अरुंद होतं. अनेक वर्षं त्यावर आंदोलनं झाली, आणि सप्टेंबर 2020 मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ते सूत्र रद्द केल्याची घोषणा केली. लढा योग्य होता. पण त्यानंतर मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलांचं पहिलं वर्ष कसं गेलं, ॲनाटॉमीला किती अडखळले, कोणाला वसतिगृह मिळालं नाही, याची विचारपूस करायला आपल्याकडचा कोणी गेला का? मोर्चे काढणारे, वर्तमानपत्रवाले, आम्ही लिहिणारे, कोणीच गेलं नाही.

तर पहिल्या ओळीत काय लिहायचं? माझा कल सांगतो. घरातलं पहिलंच मूल इतकं शिकत असेल, नावाजलेलं सरकारी कॉलेज आवाक्यात असेल आणि तिथे मिळणारी शाखा त्या मुलाला अगदीच नकोशी नसेल, तर जावं. घरात जे नाही ते तिथे मिळेल. पण दोन गोष्टी आधी पक्क्या करून जावं. एक, वसतिगृहात जागा. ती नसेल आणि बाहेर खोली घेऊन दोन बस बदलत यायचं असेल, तर कॉलेजातलं जे वातावरण मिळवायला गेलो तेच हाती लागत नाही. मग उस्मानपुरा बरा. दुसरी, हाती पहिल्या सहा महिन्यांचे पैसे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतर काही विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे, पण हे पैसे खात्यावर यायला वर्ष सरतं हे ज्यांनी अर्ज केले त्यांना विचारा. मेसवाला वर्षभर थांबत नाही.

आणि शाखा खरोखर नकोशी असेल, मुलीला कॉम्प्युटरच करायचं असेल, तर नावासाठी चार वर्षं धातू वितळवत बसू नये. इथे राहणं हा पराभव नाही. मात्र मग घरच्यांनी तिला आठपर्यंत लायब्ररीत बसू द्यावं आणि पाहुण्यांचा चहा स्वतः करावा.

कॉलेजांकडे मागणं एवढंच: पर्याय अर्ज भरायच्या आधी आपल्या संकेतस्थळावर तीन आकडे टाका. पहिल्या वर्षाच्या किती मुलांना वसतिगृह मिळतं, मुलींना किती. गेल्या वर्षी शाखानिहाय किती मुलांचे पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय सुटले. आणि कोणत्या तारखेला वर्ग सुरू होतात. प्लेसमेंटचं सर्वांत मोठं पॅकेज मोठ्या अक्षरांत असतंच, ते खुशाल राहू द्या. पण ते पॅकेज एकाला मिळतं, पहिलं सेमिस्टर सगळ्यांना द्यावं लागतं.

त्या मुलीनं अखेर काय लिहिलं ते सांगायचं राहिलं. पहिली ओळ सीओईपी, सिव्हिल. दुसरी उस्मानपुरा, कॉम्प्युटर. मेटलर्जी तिनं स्वतःच काढून टाकली. तिच्या आईनं अर्ज भरण्याच्या आदल्या दुपारी पुण्यातल्या एका वसतिगृहाला फोन लावला होता, मीही शेजारी बसलो होतो. तीनदा रिंग गेली, चौथ्यांदा कोणीतरी उचलला. रविवारच्या रात्रीचं विचारल्यावर पलीकडचा माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मावशी, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. रविवारी रात्री पोरी खोलीत मॅगी करतात." आईनं ते कॅलेंडरच्या पानावर खाली लिहून घेतलं आणि मग मोठी इलेक्ट्रिक किटली आणायला ती गुलमंडीला निघाली.